ऐकून घेण्याची विद्या

या लेखाचा आरंभ आम्ही आमच्या एका चुकीनें करणार आहों. कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. वाशीम जिल्ह्यांतील एका शाळेंत आम्ही त्या वेळीं शिकवीत होतों. शाळा कोणती व गांव कोणतें, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. नववीच्या वर्गांतील एका मुलाच्या वडिलांनीं, लागोपाठ दोन हंगाम हातचे गेल्यावर, आपल्या जिवाचा घात करून घेतला. तेरावें झाल्यावर मुलगा शाळेंत आला. त्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं आम्हीं त्याला पुढें बोलाविलें, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सद्गदित कंठानें त्याच्या दुर्दैवाचें वर्णन करून 'या अभागी बालकास' साहाय्य करण्याची सर्वांस विनंति केली. मुलांनीं खिसे रिते केले. कोणी पांच रुपये दिले, कोणी दहा. दोन शिक्षिकांच्या डोळ्यांस पाणी आलें. आमच्या मनांत त्या वेळीं मोठें समाधान होतें, हें कबूल केलेंच पाहिजे. मुलगा मात्र सारा वेळ आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून तो येईनासा झाला. आठव्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो शेतांत गेला होता, किंवा आम्हांला येतांना पाहून मागल्या दारानें निघून गेला असावा. त्याची आजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलीत बसली होती. तिनें आम्हांला पाणी दिलें, आणि बऱ्याच वेळानें म्हणाली, "मास्तर, पोरगं म्हणते, शायेत आता माहं नाव नाई राह्यलं."

या वाक्याचा अर्थ उमगण्यास आम्हांला घरीं परत येईपर्यंतचा वेळ लागला. शाळेंत त्या मुलाला नांव होतें. गणितांत हुशार, धांवण्याच्या शर्यतींत नेहमीं दुसरा, वहींत बैलांचीं चित्रें काढणारा, अशी त्याची ओळख होती. आम्हीं एका प्रार्थनेंत तें सारें पुसून टाकलें आणि त्या जागीं एकच ओळख लिहून ठेवली. त्याला काय वाटतें, त्याला पैसे हवे आहेत कीं नकोत, हें त्याला एकांतांत विचारण्याचें आमच्या मनांतहि आलें नव्हतें. आमचा कंठ दाटून आला होता, आणि तेवढ्यावरून त्याचें दुःख आम्हांस कळलें, असें आम्हीं धरून चाललों.

दुसऱ्याचें दुःख कळणें म्हणजे नेमकें काय, आणि तें कळल्यावर त्या माणसाशीं कोणत्या नात्यानें वागावें, याचें आज एक शास्त्र झालें आहे. समाजकार्य शिकविणाऱ्या महाविद्यालयांतून तें शिकवितात. त्याची थोडी ओळख विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आमच्या जिल्ह्यांत या विद्येची जेवढी गरज आहे, तेवढी क्वचितच कोठें असेल.

प्रथम शब्दांचा विचार करूं. कींव करणारा मनुष्य वरच्या पायरीवर उभा असतो व खालच्या पायरीकडे पाहतो. सहानुभूति दाखविणारा शेजारीं येऊन उभा राहतो. पण त्याच्याजवळ जें दुःख असतें तें त्याचें स्वतःचें. 'तुझें पाहून मला वाईट वाटलें' असें तो म्हणतो. यापुढची जी पायरी, तिला हल्लीं 'समानुभूति' असें नांव देतात. दुसऱ्याच्या जागीं मनानें जाऊन, त्याच्या डोळ्यांनीं त्याचें जग पाहणें, आणि आपल्याला तें दिसलें आहे हें त्याला कळूं देणें, असा तिचा अर्थ. हा शब्द पाश्चात्य भाषांतहि फार जुना नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील जर्मन कलामीमांसकांनीं चित्र किंवा शिल्प पाहणाऱ्याच्या अनुभवाविषयीं 'आइनफ्यूलुंग', म्हणजे आंत शिरून अनुभवणें, हा शब्द वापरला. आणि टिचनर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९०९ सालीं त्यावरून इंग्रजींत 'एम्पथी' हा शब्द घडविला.

शब्द कलेच्या प्रांतांतून आला हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण त्याच प्रांतांत आपल्याकडेहि हा विचार पूर्वींच झाला होता. संस्कृत काव्यशास्त्रांत काव्याचा खरा वाचक 'सहृदय' म्हटला आहे. आणि १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून श्री. नरसिंह चिंतामण केळकर यांनीं 'सविकल्प समाधि' ही आपली प्रसिद्ध उपपत्ति मांडली. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्या जिवाच्या सुखदुःखांशीं एकरूप होतो, परंतु आपण आपण आहों ही जाणीव त्याला सोडून जात नाहीं. आणि या दोहींच्या मेळांतच वाङ्मयाचा आनंद आहे, असें तिचें तात्पर्य आहे. 'एकच प्याला' पाहणारा प्रेक्षक सिंधूसाठीं रडतो. पण उठून रंगभूमीवर जात नाहीं आणि सुधाकराच्या हातांतला प्याला हिसकून घेत नाहीं. केळकरांनीं हें वाङ्मयाच्या आनंदाविषयीं सांगितलें. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५७ सालीं दुःखी माणसाच्या उपचाराविषयीं जें लिहिलें, तें याच्या फार जवळ जातें. दुसऱ्याचें अंतरंग 'जणू काय' आपलेंच आहे असें अनुभवावें, पण तो 'जणू काय' कधींहि सुटूं देऊं नये, असें त्याचें म्हणणें. तो सुटला कीं बुडणाऱ्याला वांचविण्यास गेलेला स्वतःच बुडूं लागतो.

आतां ही विद्या आपल्या देशांत कशी आली तें पाहूं. अमेरिकन मराठी मिशनचे एक मिशनरी, क्लिफर्ड मॅन्शार्ट, हे मुंबईच्या नागपाडा भागांतील दाट वस्तींत काम करीत होते. वस्तींत काम करावयाचें तर नुसती चांगली इच्छा पुरत नाहीं, त्याचें शिक्षण लागतें, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या पुढाकारानें व टाटांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्यानें १९३६ सालीं मुंबईंत सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. हिंदुस्थानांतील या विषयाची ती पहिली शाळा. १९४४ सालीं तिचें नांव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' असें झालें. त्याच्या आधीं अमेरिकेंत मेरी रिचमंड या बाईंनीं १९१७ सालीं आपल्या ग्रंथांत, एकेका माणसाची स्थिति बारकाईनें समजून घेऊन मग साहाय्य करण्याची रीत घालून दिली होती. तिला मराठींत 'व्यक्तिसहाय्य कार्य' म्हणतात.

या कार्यांत ज्याला साहाय्य करावयाचें त्याला काय म्हणावें? वकिलाकडे येतो तो अशील, वैद्याकडे येतो तो रोगी, दुकानीं येतें तें गिऱ्हाईक. समाजकार्याच्या मराठी पुस्तकांत 'सेवार्थी' हा शब्द रूढ आहे. आम्हांस तो थोडा जड वाटतो. ओसरीवर बसून कोणी कोणाला सेवार्थी म्हणणार नाहीं. परंतु त्यांत एक गुण आहे. अर्थी म्हणजे इच्छा करणारा. त्या माणसाला स्वतःची इच्छा आहे, ही गोष्ट शब्दांतच मान्य केलेली आहे, आणि प्रार्थनेच्या वेळीं आम्ही नेमकी तीच विसरलों होतों.

शिकागो येथील एक जेसुइट धर्मगुरु व अध्यापक, फेलिक्स बीस्टेक, यांनीं १९५७ सालीं साहाय्यक व सेवार्थी यांच्या नात्यावर एक छोटें पुस्तक लिहिलें. त्यांत या नात्याचीं सात तत्त्वें सांगितलीं आहेत. तीं सर्व येथें मांडण्याचें कारण नाहीं. त्यांतलीं तीन-चार आमच्या जिल्ह्यांतील एका ओसरीवर नेऊन पाहिलीं म्हणजे बाकीचीं आपोआप लक्षांत येतील.

वाशीम हें जुनें वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा बहुतांशीं कोरडवाहू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, कांहीं भागांत कापूस, हीं येथील पिकें. आणि त्यांचा सारा हिशेब पावसाच्या हातीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठीं केंद्र सरकारनें २००६ सालीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत वाशीम होता.

असें घडलेल्या घरीं कोण कोण येतें हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. प्रथम पोलीस येतात व पंचनामा होतो. मग तलाठी येतो. तहसीलदाराचा अहवाल जातो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढें प्रकरण येतें. शेती कुटुंबाच्या नांवें होती काय, कर्ज बँकेचें किंवा सोसायटीचें होतें काय, तें थकलें होतें काय, हें पाहून प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतें. पात्र ठरल्यास एक लक्ष रुपये मिळावयाचे. त्यांतील तीस हजार रोख व सत्तर हजार ठेवींत, असें २००६ सालच्या शासननिर्णयानें ठरविलें. मधून मधून वृत्तपत्राचे बातमीदार येतात, पुढारी येतात. घरची बाई एकच हकीकत प्रत्येकाला सांगते. यांतलें कोणी दुष्ट असतें असें आमचें म्हणणें नाहीं. सरकारी पैसा द्यावयाचा तर चौकशी ही व्हावयाचीच. परंतु प्रत्येकाला तिच्या हकीकतींतला एकेक तुकडा हवा असतो. पोलिसाला वेळ हवी, तलाठ्याला सात-बारा हवा, समितीला थकबाकीचा आंकडा हवा, बातमीदाराला छायाचित्र हवें. दुःख खरें आहे हें तिला कागदांनीं सिद्ध करावें लागतें. आणि तिचा नवरा 'अपात्र' ठरला, हा शब्द तिच्या कानांवर कसा पडत असेल याचा विचार तो शब्द लिहिणाऱ्यानें केलेला नसतो.

या साऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांत एक मनुष्य असा यावा कीं ज्याला तिच्याकडून कांहींच सिद्ध करून नको आहे, आणि शक्य तर तो ही आपत्ति कोसळण्यापूर्वीं यावा, अशा विचारानें महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाड्यांतील आठ व विदर्भांतील सहा अशा चौदा जिल्ह्यांत तो होता, व त्यांत वाशीम होता. गांवची आशा स्वयंसेविका घरोघर जाऊन विचारपूस करी. ज्याचें मन खचलें आहे असें दिसे त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, व जरूर तर जिल्हा रुग्णालयाकडे पाठवी. तेथें मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकारांचें शिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता व परिचारिका, असें पथक असे.

कागदावर ही योजना चार ओळींची आहे. ओसरीवर ती किती अवघड आहे हें दाखविण्यासाठीं एक प्रसंग कल्पून घेऊं. मालेगांव तालुक्यांतील एक खेडें. सोंगणीच्या वेळीं पाऊस आला आणि सोयाबीन शेतांतच काळें पडलें. पन्नाशीचा एक शेतकरी बाजेवर बसून आहे. आशाताई वही घेऊन येते. ती त्याच गांवची सून. म्हणून ती त्याला मामाजी म्हणते व तो तिला बाई म्हणतो.

ती म्हणाली, "मामाजी, इचार नका करू एवढा. सगळ्याइचंच असं हाय. देवावर भरोसा ठेवा." त्यावर तो म्हणेल, "हाव बाई, बरोबर हाय तुह्यं." संभाषण संपलें. तिनें जें सांगितलें तें खोटें नाहीं, तिच्या मनांत कळवळाहि आहे. पण 'सगळ्याइचंच' या एका शब्दानें त्याचें दुःख गांवच्या दुःखाच्या राशींत टाकून दिलें. बीस्टेक यांचें पहिलेंच तत्त्व असें कीं प्रत्येक सेवार्थी हा एक स्वतंत्र मनुष्य आहे, तो एखाद्या वर्गाचा नमुना नव्हे.

तोच प्रसंग दुसऱ्या रीतीनें घेऊं. ती वही मिटून ठेवते व खालीं बसते.

"मामाजी, रातच्याला झोप येते काय?"

"नाई व बाई."

"किती दिसापासून?"

"सोयाबीन सोंगलं तवापासून."

ती कांहींच बोलत नाहीं. हें न बोलणें फार कठीण असतें. आपल्याला गप्प बसण्याची भीति वाटते व आपण तेथें उपदेश भरतों. थोड्या वेळानें तो आपण होऊन म्हणतो, "पोरीचं लगन काढलं होतं. आता सोयऱ्याइले काय तोंड दावू?"

"म्हंजे पैशापरीस सोयऱ्याइच्या पुढं जाचं जड वाटते तुम्हाले."

तो मान वर करून तिच्याकडे पाहतो. "हाव. तेच."

या 'हाव' शब्दासाठीं सारी विद्या आहे. पहिल्या 'हाव'मध्यें तिला वाटेला लावण्याची घाई होती. दुसऱ्यांत आपण ओळखले गेलों याचें आश्चर्य आहे. तिनें कांहीं नवें सांगितलें नाहीं. त्यानें जें सांगितलें त्यांतलें सांगावयाचें राहिलेलें तिनें उचलून त्याच्यापुढें ठेवलें. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल कीं त्याचें दुःख कर्जाचें आहे. बँकेचा आंकडा कळला कीं दुःख कळलें. त्याचें दुःख सोयऱ्यांपुढें मान खालीं घालण्याचें निघालें. दुसऱ्या घरीं, तेवढेंच पीक बुडालें असतां, तें निराळेंच निघेल: भावाशीं तुटलेलें बोलणें, किंवा बापाच्या वेळची विकावी लागणारी बैलजोडी. हें विचारल्याशिवाय कळत नाहीं, आणि ऐकल्याशिवाय विचारतां येत नाहीं.

येथें एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. समानुभूति म्हणजे दुसऱ्याचें सर्व म्हणणें योग्य मानणें, असें कित्येकांस वाटतें. समजा, त्या शेतकऱ्यानें दारूला हात लावला आहे व घरांत बायकोवर हात उगारला आहे. आशाताईनें तें बरें म्हणावें काय? मुळींच नव्हे. पण पहिल्याच भेटींत तिनें न्यायाधीशाचें आसन घेतलें, तर तो तिला कांहीं सांगणार नाहीं, आणि त्याच्या बायकोचीहि सुटका होणार नाहीं. कृत्य नापसंत करणें व माणूस टाकून देणें या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यास फार सराव लागतो. शिक्षकांना तर विशेषच लागतो, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

दुसरें तत्त्व निर्णयाचें. त्यानें मन मोकळें केलें कीं ऐकणाऱ्याच्या जिभेवर सल्ला येतो: लग्न पुढें ढकला, सोयऱ्यांना फोन करा, दोन एकर विका. समाजकार्याचें शास्त्र येथें हात धरतें. वाटा दाखवाव्या, कोणत्या वाटेवर काय आहे तें सांगावें, पण चालावयाचें कोणत्या वाटेनें हें ज्याचें आयुष्य त्यानें ठरवावें. आशाताई विचारते, "घरात कोणाले सांगाचं वाटते तुम्हाले?" तो विचार करून म्हणतो, "साळ्याले." तिला वाटत होतें कीं बायकोला सांगावें. तरीहि तें साळ्यालाच. पीक, भाव, पाऊस यांपुढें ज्याचें कांहीं चाललें नाहीं, त्याचें निदान येथें तरी चालूं द्यावें. खचलेल्या माणसाला दुसऱ्यानें केलेल्या दहा योजनांपेक्षां स्वतः ठरविलेली एक लहान गोष्ट अधिक उभें करते, असें आम्हांस वाटतें.

तिसरें तत्त्व गुप्ततेचें, आणि खेड्यांत हेंच सर्वांत दुर्घट. शहरांत समुपदेशकाची खोली असते, दार लावतां येतें. येथें ओसरी आहे, समोर हापसा आहे, आणि हापशावर चार बायका आहेत. आशाताईची सासू त्याच्या घरच्या हळदीकुंकवाला जाते. 'त्याच्या डोक्यावर परिणाम झाला' हें वाक्य गांवांत फिरावयास एक संध्याकाळ पुरते, आणि मग मुलीचें लग्न खरोखरच मोडतें. म्हणून शहाणी आशाताई ओट्यावर वही उघडीत नाहीं, आणि बाळाच्या लसीचें किंवा ताप मोजण्याचें निमित्त करून जाते. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. त्याच कायद्यानें असेंहि ठरविलें कीं जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरावें, व त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य मानावें. पूर्वीं तो अपराधी गणला जाई. कायद्यानें येथें एक पाऊल टाकलें आहे. गांवच्या हापशानें अजून टाकावयाचें आहे.

या तत्त्वाला एक अपवाद आहे व तो विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावा. जीव धोक्यांत आहे अशी शंका आली तर गुपित राखावयाचें नसतें. 'कोणाला सांगूं नको' असें वचन त्या वेळीं देऊं नये. दिलें असेल तर मोडावें. आणि अशी शंका आल्यास, 'तुमच्या मनांत जिवाचें कांहीं बरेंवाईट करण्याचा विचार येतो काय?' असें सरळ पण मायेनें विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जातो ही समजूत खरी नाहीं. उलट, एकट्यानें वाहिलेलें ओझें कोणाला तरी दिसलें, म्हणून पुष्कळांना हायसें वाटतें.

आतां ऐकणाऱ्याच्या मनाचें काय? आशाताईच्याहि घरीं सोयाबीन आहे व तेंहि काळें पडलें आहे. तिला कामाप्रमाणें मोबदला मिळतो. मामाजीचें बोलणें ऐकतां ऐकतां तिला आपला नवरा आठवतो. अशा वेळीं 'जणू काय' सुटण्याचा धोका खरा असतो. ती त्याच्याबरोबर रडली तर तें माणुसकीचें आहे. पण ती पूर्ण बुडाली, तर तो तिलाच धीर देत बसेल, आणि तिचें येणें व्यर्थ होईल. बीस्टेक यांनीं भावनेचा सहभाग नियंत्रित असावा असें म्हटलें आहे. केळकरांचा 'सविकल्प' शब्द आम्हांस अधिक आवडतो, कारण त्यांत लगाम ओढल्याचा भास नाहीं. यासाठीं समाजकार्याच्या शिक्षणांत एक व्यवस्था आहे: नवशिक्यानें आपल्या भेटींची हकीकत अनुभवी माणसापुढें मांडावी व आपल्या मनावर झालेला परिणामहि सांगावा. गांवोगांव फिरणाऱ्या आशाताईचें असें कोण ऐकून घेतो, हा प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणीं कोणी तरी विचारावयास हवा.

येवढें सारें ऐकून एखादा पालक म्हणेल, "मास्तर, बोलून काय सोयाबीनले भाव भेटते?" आक्षेप रास्त आहे. ऐकून घेतल्यानें पाऊस पडत नाहीं, कर्ज फिटत नाहीं, विम्याची रक्कम येत नाहीं. ज्याची अडचण भावाची आहे त्याला मनाचा रोगी ठरवून औषधाची पुडी देणें, हा त्याचा अपमानच होय. ज्यांना भाव, पतपुरवठा व पाणी पाहावयाचें आहे त्यांनीं समुपदेशकाच्या आड लपूं नये. परंतु याला दुसरी बाजू आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील तीस खेड्यांत 'विश्राम' नांवाचा एक उपक्रम झाला. गांवांतल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून खचलेल्यांची विचारपूस करावयाची, व गरजूंना समुपदेशक आणि डॉक्टर यांच्यापर्यंत पोंचवावयाचें, अशी त्याची रीत होती. त्याची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. नैराश्यानें ग्रासलेल्यांपैकीं पूर्वीं शेंकडा ४.३ लोकच कोणाकडे साहाय्यास जात. अठरा महिन्यांनीं तें प्रमाण शेंकडा २७.२ झालें. गेल्या वर्षभरांत जीव देण्याचे विचार मनांत आले असें सांगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ५.२ वरून २.५ वर आलें. त्या काळांत तेथील सोयाबीन व कापूस यांवर कांहीं स्वर्ग उतरला नव्हता. शेत तेंच होतें, कर्ज तेंच होतें. दारीं येऊन विचारणारा एक मनुष्य मात्र नवा होता. यावरून फार मोठे निष्कर्ष काढूं नयेत, पण आमच्या पालकाच्या प्रश्नाला इतकें उत्तर निश्चित आहे कीं भाव मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे.

विद्यार्थिमित्रांना दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुमच्या वर्गांतील एखादा मित्र गप्प झाला, डबा उघडीनासा झाला, आपल्या आवडत्या वस्तु वाटूं लागला, तर त्याच्याशेजारीं जाऊन बसा. उपदेश नको, विनोदहि नको. 'काय झालें?' यापेक्षां 'मी बसूं का जरा?' हा प्रश्न बरा. तो बोलला तर मध्यें आपली गोष्ट सुरू करूं नका. त्यानें जिवाविषयीं कांहीं भयंकर सांगितलें तर त्याच दिवशीं शिक्षकांस किंवा घरच्या मोठ्या माणसांस सांगा. तें चुगली करणें नव्हे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' नांवाची सरकारी दूरध्वनिसेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्रंदिवस केव्हांहि फोन करतां येतो, मराठींत बोलतां येतें, पैसे पडत नाहींत. पालकांनीं हा क्रमांक घरांत दिसेल अशा ठिकाणीं लिहून ठेवावा.

आरंभीं सांगितलेल्या मुलाची हकीकत अपुरी राहिली आहे. आम्ही पुन्हां दोनदां त्याच्या घरीं गेलों. दुसऱ्या खेपेस तो पळाला नाहीं. आम्ही बांधावर बसलों. आम्हीं त्याची क्षमा मागितली, आणि मग बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. शेवटीं, गोळा झालेल्या पैशांचें काय करावें असें आम्हीं त्यालाच विचारलें. ते एका पाकिटांत घालून आमच्या खणांत पडले होते. तो म्हणाला, "ज्याचे त्याले वापस द्या." आम्हांला हें अवघड वाटलें, दात्यांचा मान, शाळेची रीत, असें कांहीं तरी आमच्या ओठांवर आलें होतें. तें तेथेंच गिळलें.

सोमवारीं तो शाळेंत आला. यादी त्यानेंच मोठ्यानें वाचली व पैसे त्यानेंच मोजून दिले. त्या कामांत दोन मधल्या सुट्ट्या गेल्या. सारे परत घेतले गेले. एकच मुलगा हट्टास पेटला, दहा रुपये परत घेईना. तेव्हां त्या दोघांनीं फाटकाबाहेरच्या गाडीवरून त्या दहा रुपयांचे भजे आणले, आणि घंटा झाल्यावरहि खात उभे राहिले, म्हणून आम्हांला त्यांच्यावर रागवावें लागलें.